‘गहाळ’ लिहून देऊ नका

गणपती तोंडावर आले आहेत. आरास पाहायला निघणारी गर्दी, विसर्जनाच्या मिरवणुका, कोकणाकडे भरभरून जाणाऱ्या एस.टी. गाड्या आणि मागे शहरात कुलूप लावून ठेवलेली घरे. या दिवसांत पोलीस ठाण्यांच्या बाकांवर खिसा कापलेली, गळा ओरबाडलेली, कडीकोयंडा तुटलेली माणसे बसलेली दिसतात. त्या बाकावर बसायची पाळी तुमच्यावर आली, तर चोरीला गेलेल्या वस्तूबद्दल ‘गहाळ झाली’ असे लिहून देऊ नका, एवढी कळकळीची विनंती करण्यासाठी हे लिहीत आहे.

होते ते असे. माणूस गांगरलेला असतो, त्याला आधी सिम सुरू करून हवे असते. समोरचा अंमलदार म्हणतो, “गर्दीत कुठेतरी पडला असेल हो. गहाळचा अर्ज द्या, शिक्का मारून देतो, नवीन सिम मिळून जाईल.” अर्ज पाच मिनिटांत होतो, सिमही मिळते, आणि प्रकरण तिथेच संपते. कारण वस्तू गहाळ होणे हा गुन्हाच नाही. गुन्हा नाही म्हणून तपास नाही, आणि आजूबाजूच्या दुकानांतले सीसीटीव्हीचे चित्रण मागवायचे कुणाला कारणही नाही. पुढे एखाद्या टोळीकडून पन्नास फोन जप्त झाले आणि त्यात तुमचा निघाला, तरी तो कोणत्या गुन्ह्यातला हे दाखवायला तुमची फिर्यादच नसते. नंतर तुम्ही म्हणालात की चोरी झाली होती, तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारणार: मग त्या रात्री स्वतःच्या सहीने गहाळ का लिहून दिले?

यात प्रत्येक वेळी पोलिसांची लबाडीच असते असे नाही. माणसे कमी, बंदोबस्त जास्त, आणि ठाण्याच्या हद्दीत गुन्हे वाढलेले दिसू नयेत हा वरून येणारा ताण. पण त्यांच्या अडचणीची किंमत तुमच्या सहीने का चुकवायची? दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात नोव्हेंबर 2013 मध्ये सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे. त्याप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि नोंदीची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळाली पाहिजे. ‘आधी प्राथमिक चौकशी करू’ हे उत्तरही ऐकायला मिळेल. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत तशी मुभा आता आहे, पण त्याला पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि चौकशी चौदा दिवसांत संपवावी लागते. परवानगी घेतली का, हे शांतपणे विचारा. नकारच मिळाला तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तिथे उपायुक्तांना टपालाने पाठवा; तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आता जबाब. जबाबात भावना कमी आणि हकिकत जास्त असावी. ‘माझा मोबाइल गेला’ यातून कायद्याला काहीच कळत नाही. ‘रात्री नऊच्या सुमारास मंडपाच्या कमानीजवळ मी बहिणीला फोन केला, फोन पॅन्टच्या डाव्या खिशात ठेवला, रांगेत दोन वेळा मागून रेटा आला, मूर्तीपाशी फोटो काढायला हात घातला तर खिसा रिकामा होता, मी कुणालाही फोन दिलेला नव्हता’ एवढे लिहिले की चोरीचे चित्र उभे राहते. पर्सला ब्लेड मारलेली असेल तर ती पर्स फेकू नका. बायका ती घरी येऊन चिडून कचऱ्यात टाकतात, नाहीतर शिवून घेतात. ती कापलेली कड हा पुरावा आहे. पंचनाम्यात ती आली की ‘कुठेतरी पडली असेल’ हे वाक्य आपोआप बंद पडते.

चोरी म्हणजे काय, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये आहे. पूर्वीच्या दंड संहितेतले 378 आणि 379. जंगम मालमत्ता, म्हणजे उचलून नेता येईल अशी कोणतीही वस्तू, दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. वस्तू दाराबाहेर जायलाच हवी असे नाही. हलवली, तिथेच गुन्हा पुरा झाला. झाड उभे असेपर्यंत ते जमिनीचा भाग. अप्रामाणिकपणे तोडून जमिनीपासून वेगळे केले त्या क्षणी ती चोरी.

व्याख्येत शब्द ‘मालकी’ नाही, ‘ताबा’ आहे. लोक इथेच फसतात. तुम्ही दुचाकी दुरुस्तीला टाकली, बिल झाले तीन हजार, पैसे न देता रात्री दुसऱ्या चावीने गाडी काढून आणलीत, तर गाडी तुमच्या नावावर असूनही चोर तुम्हीच ठरू शकता, कारण बिल चुकेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क गॅरेजवाल्याला आहे. बिल काहीच बाकी नसेल तर मात्र स्वतःची गाडी आणणे ही चोरी नव्हे. संहितेतच दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाचे असे उदाहरण आहे आणि ते इंग्रजांच्या काळापासून तसेच चालत आले आहे.

‘परत ठेवणारच होतो’ हाही बचाव नाही. 1952 मध्ये जोधपूरच्या हवाई दल अकादमीतले दोन प्रशिक्षणार्थी ठरलेले विमान सोडून दुसरेच विमान परवानगीशिवाय पहाटे घेऊन उडाले आणि थेट पाकिस्तानात उतरले. विमान कायमचे ठेवून घ्यायचे नव्हते, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये अमान्य केला. काही काळ वापरायला नेणे हेही त्या काळापुरते मालकाचे नुकसानच. त्याच न्यायालयापुढे अलवरच्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे प्रकरण आले होते. त्याने सचिवालयातली फाइल एका दिवसासाठी घरी नेली, मित्राला त्यातले कागद बदलू दिले आणि फाइल परत केली. तीही चोरी ठरली. शेजारच्या पोराने ‘एक चक्कर मारतो’ म्हणून न विचारता तुमची गाडी नेली तर लगेच फौजदारी करा असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या बापाला ही दोन प्रकरणे जरूर सांगा.

आता नव्या कायद्यातली एक तरतूद, जिच्यामुळे हे आवाहन आजच करावेसे वाटले. कलम 303(2) नुसार साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा फक्त सामुदायिक सेवेची. हेतू चांगला आहे. भुकेपोटी पाव उचलणाऱ्याला तुरुंगात का डांबायचे? अडचण पुढे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत या 5,000 च्या आतल्या प्रकाराला अदखलपात्र म्हटले आहे. म्हणजे ठाण्यात फक्त अदखलपात्र नोंद, एनसी, लिहिली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. चोर अजून सापडलेलाच नाही, मग तो पहिल्यांदा चोरी करतो आहे की पन्नासाव्यांदा, हे नोंद करणाऱ्याला कळले कसे, हा प्रश्न मला सुटलेला नाही. मंडईत बसणाऱ्या बाईचा वजनकाटा गेला, किंमत साडेतीन हजार. तिचा धंदा बसला आणि हातात उरली एनसीची पावती. पाच हजारांची रेघ श्रीमंताला दिसतही नाही, गरिबाच्या मात्र गळ्याला लागते.

म्हणून वस्तूची किंमत अंदाजाने कमी सांगू नका. ‘जुनाच होता, असेल दोन-तीन हजारांचा’ असे संकोचाने बोलणारी माणसे मी अनेक पाहिली. बिल शोधा, पाकिटातली रोकड धरा, पर्सची किंमत धरा. वाढवूनही सांगू नका. खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: चोरी कुठे झाली ते नीट सांगा. राहत्या घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेली चोरी, प्रवासी वा माल वाहणाऱ्या वाहनातून झालेली चोरी, प्रार्थनास्थळातल्या मूर्तीची चोरी, हे सारे कलम 305 मध्ये येते. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि पाच हजारांची रेघ नाही. एस.टी.त, लोकलमध्ये, पीएमपीच्या बसमध्ये आठशे रुपये असलेले पाकीट मारले गेले तरी ते 305 मध्ये बसते. तेच पाकीट स्टॉपवर गाडीची वाट पाहताना गेले, तर 303. तेव्हा ‘बसच्या वेळी गेले’ असे मोघम बोलू नका. तिकीट काढताना पाकीट हातात होते आणि उतरताना नव्हते, तर चोरी गाडीत झाली, एवढे सरळ सांगा आणि तिकीट जपून ठेवा.

गळ्यातले ओढून नेले तर? पूर्वी याला वेगळे कलम नव्हते. आता कलम 304 आहे: अचानक, झटक्यात किंवा जोर लावून हिसकावणे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. इथेही किमतीची रेघ नाही. पण चोरी करताना किंवा माल घेऊन पळताना चोराने त्यासाठीच तुम्हाला दुखापत केली, अडवून धरले किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते, कलम 309, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. सूर्यास्तानंतर महामार्गावर घडली तर चौदा वर्षांपर्यंत. मंगळसूत्र ओढताना मानेवर वळ उठला, ढकलल्यामुळे गुडघा फुटला, हे बायका ‘एवढं काही नाही’ म्हणून सांगतच नाहीत. सांगा. कायद्याच्या लेखी शारीरिक वेदना हीसुद्धा दुखापतच. त्याच रात्री सरकारी दवाखान्यात तपासून घ्या, कारण वळ दोन दिवसांत मावळतो आणि त्याबरोबर गुन्ह्याचे वजनही उतरते.

वर्तमानपत्रे कुठल्याही मोठ्या चोरीला ‘दरोडा’ म्हणतात. दरोड्याला पाच किंवा अधिक माणसे लागतात, आणि ती जबरी चोरीसाठी एकत्र आलेली असावी लागतात, कलम 310. चौघांनी बँक लुटली तर कायद्याने तो दरोडा नव्हे. म्हणून किती जण होते, बाहेर गाडी सुरू ठेवून कोण बसले होते, हे आठवून सांगणे फार मोलाचे. धमकी देऊन तुमच्याच हाताने पैसे द्यायला लावले तर ती खंडणी, कलम 308. समोर सुरा धरून तिथल्या तिथे काढून घेतले तर जबरी चोरी. ‘पोराला पळवलंय, पैसे पाठव’ असा फोन आला तर खंडणी.

घरफोडीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गावाला जाणाऱ्यांचा प्रश्न तोच आहे. कुलूप तोडले तरच घरफोडी, असा समज आहे. तो चूक. पाइपावरून चढून उघड्या खिडकीतून आत शिरणे, फटीतून तार घालून कडी काढणे, तुमची हरवलेली किल्ली वापरून दार उघडणे, हे सगळे कायद्याने घरफोडीच आहे. दिवसा चोरीसाठी घर फोडले तर दहा वर्षांपर्यंत, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत फोडले तर चौदा. उघड्या दारातून कुणी सरळ आत आले आणि लॅपटॉप उचलून गेले, तर ती घरफोडी नाही; ती घरातली चोरी, कलम 305.

हा फरक पोलिसांपेक्षा विमा कंपनीला जास्त कळतो. घरफोडीच्या अनेक पॉलिसींत ‘बळाचा वापर करून प्रवेश’ अशी अट असते, आणि तशी अट असेल तर साध्या चोरीची भरपाई मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्येच सांगितले आहे. पॉलिसीचे ते पान आज रात्री काढून वाचा, गावाहून परतल्यावर नव्हे. घर फोडलेले दिसले तर आवराआवर करू नका. वाकलेला गज, उचकटलेला कोयंडा, खाली पडलेला भुसा पंचनाम्यात येऊ द्या. गाडी चोरीला गेली तर त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. विमा कंपनीला कळवायला उशीर झाला, पण फिर्याद वेळेवर होती, तर निव्वळ त्या कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असा 2020 चा निकाल आहे. पुढे तपास लागला नाही तर न्यायालयातून ‘ए समरी’ची प्रत घ्यावी लागते. गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही, असा त्याचा अर्थ. गहाळच्या अर्जावर कसली समरी येणार?

ज्याच्यावर विश्वास टाकून वस्तू दिली त्यानेच ती गिळली, तर ती बहुधा चोरी नसते. तो फौजदारी विश्वासघात, कलम 316. कारण ताबा तुम्हीच दिलेला असतो. लग्नात मिळालेले दागिने सासूच्या कपाटात ठेवले आणि घर सोडताना ते द्यायला नकार मिळाला, अशा स्त्रियांना ‘हा घरगुती मामला आहे’ म्हणून परत पाठवले जाते. स्त्रीधन हे स्त्रीच्याच मालकीचे, नवऱ्याने वा सासरच्यांनी ते अडकवून ठेवले तर तो विश्वासघाताचा गुन्हा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट केले आहे. दागिन्यांची यादी, लग्नातले फोटो, सराफाच्या पावत्या एकत्र करून ठेवा. आणि सुरुवातीपासूनच थापा मारून पैसे उकळले असतील तर ती फसवणूक. आपल्या तोंडी बसलेले चारशेवीस आता 318(4) झाले आहे. फोन चोरीला गेल्यावर त्यातून पैसे काढले गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन लावा, आणि संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय क्रमांक बंद करून घ्या.

आता खरेदी करणाऱ्यांना. तीस हजारांचा फोन पाच हजारांत, बिल नाही, खोका नाही, विकणारा ‘मामाने दिला’ म्हणतो. तुम्ही घेतलात, तर चोरीचा माल आहे असे ‘मानण्यास कारण’ तुमच्यापाशी होते, असे न्यायालय म्हणू शकते. कलम 317, तीन वर्षांपर्यंत. चोरीनंतर थोड्याच काळात माल ज्याच्याकडे सापडतो, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा, असे अनुमान पुरावा कायद्यानुसार न्यायालयाला काढता येते. खुलासा तुम्ही द्यायचा. पैसे मोजले म्हणून मालकी मिळत नाही, फोन मूळ मालकाकडे जातो. गर्दीत सापडलेले पाकीट ठेवून घेणे ही चोरी नसली, तरी मालकाचा शोध न घेता ते आपलेसे करणे हा अपहार आहे, कलम 314, आणि त्याला किमान सहा महिने शिक्षा आहे. मंडपातल्या ध्वनिक्षेपकापाशी नेऊन द्या.

शेवटची विनंती सगळ्यात तातडीची. चोर सापडला असे वाटले, की आपल्याकडे हात आधी चालतो. आपल्यादेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडायचा हक्क सामान्य नागरिकालाही आहे, पण विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करायचे असते. मारायचा हक्क त्यात नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भटक्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार केले. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर फिरत असल्याच्या अफवेवरून तिघांचा जीव गेला. मेलेल्यांपैकी कुणीही काही चोरले नव्हते.

फिर्यादीत ‘संशय कुणावर’ हा रकाना येतो. तिथे कामवाल्या बाईचे, इस्त्रीवाल्याचे, जवळच पाल ठोकून राहिलेल्या पारध्यांचे नाव नुसत्या अंदाजाने सांगू नका. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण पोलिसांची गाडी आजही आधी पालावर जाते. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचले असेल, तर त्या गाडीमागे काय काय येते हे वेगळे सांगायला नको. पाहिले असेल तेच सांगा. पाहिले नसेल तर ‘अज्ञात चोरटा’ हे दोन शब्द पुरतात, त्याने फिर्याद कमजोर होत नाही.

मंडळांचे कार्यकर्ते, सोसायट्यांचे सचिव, एस.टी. आगारांतले कर्मचारी यांनी यातला हवा तो भाग फलकावर लावावा, आरतीनंतर माइकवरून वाचावा. परवानगी विचारण्याची गरज नाही. फक्त कलमांचे आकडे उतरवताना एकदा ताडून घ्या. 304 च्या जागी 340 लागलेला फलक लोक फोटो काढून ठाण्यात दाखवतील.